दार हलतं तिथे तार तुटते: गाडीतल्या आवाजाचे कानमंत्र

बाळा,

काल रात्री तुझा फोन आला, "मामा, डाव्या दारातला स्पीकर गेला, नवा कुठला घेऊ?" मी म्हटलं, उद्या सांगतो. हे ते उत्तर. जरा लांब आहे, चहा घेऊन बस.

नवा स्पीकर घेऊ नकोस. निदान आज तरी नको. स्पीकर म्हणजे काय, तर कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन, त्याला चिकटलेली तांब्याच्या तारेची कॉइल आणि मागे लोहचुंबक. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी जी मांडणी जगापुढे ठेवली, तीच आज तुझ्या दारात आहे. इतकी साधी वस्तू सहजासहजी मरत नाही. पण डेकपासून, म्हणजे डॅशबोर्डातल्या म्युझिक प्लेअरपासून, त्या कॉइलपर्यंत जाणारी वायर वळते, वाकते, दाराबरोबर दिवसातून वीसदा उघडझाप सोसते, आणि आपल्या कोकणात चार महिने ओलीत राहते. रत्नागिरीच्या दुकानात तेहतीस वर्षं काढून मी एवढंच शिकलो, की मुका स्पीकर बहुधा निर्दोष असतो. गायक गप्प आहे म्हणजे गेला असं नाही, वाटेत अडकलाय.

तुझी घाई मला ठाऊक आहे. माझं गजराचं घड्याळ उघडून त्याची स्प्रिंग छताला लावणारं लेकरू ते तूच. म्हणून एकेक करून सांगतो, उद्या दुसऱ्या मालकाच्या गाडीलाही उपयोगी पडेल असं. मी यातल्या बहुतेक चुका करून बसलोय. तू त्या पुन्हा करू नयेस, एवढीच इच्छा.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी

१. आधी विचार, आवाज कधी गेला? पाऊस, सीट कव्हर, काच बदलणं, सर्व्हिसिंग, यातलं काय त्याच्या आदल्या दिवशी झालं? — बिघाडाची तारीख कळली की बिघाडाचा पत्ता अर्धा कळतो.

२. डेकमधले बॅलन्स आणि फेडर मध्यावर आहेत का ते बघ — बॅटरी काढून लावल्यावर किंवा मागच्या सीटवरच्या छोट्या हातांनी ते सरकलेले असतात, आणि आपण उगाच दार खोलून बसतो.

३. मग तेच बॅलन्स-फेडर फिरवून चारही कोपरे एकेक करून ऐक आणि कागदावर लिही — चार स्पीकर एकत्र वाजताना कान एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतो.

४. तपासायला नेहमी एकच गाणं ठेव, आणि त्याबरोबर आकाशवाणीच्या बातम्या — माणसाचा बोलता आवाज आपण जन्मापासून ऐकतोय, त्यातली खरखर चटकन कळते. ढोलकीच्या थापेत ती लपते.

५. आवाज पूर्ण बंद आहे, बारीक आहे, खरखरतो की येतो-जातो, हे वेगवेगळं लिही — पूर्ण बंद म्हणजे वाट तुटली, बारीक म्हणजे जोड कच्चा, खरखर म्हणजे कॉइल किंवा कोन, आणि येणं-जाणं म्हणजे वायर हलतेय. औषध चौघांचं वेगळं.

६. गाणं चालू ठेवून दार हळूहळू उघड आणि लाव — एका ठरावीक कोनावर आवाज आला-गेला तर मल्टिमीटर न काढताच जागा सापडली.

७. चारही बंद असतील तर दाराकडे जाऊच नकोस; फ्यूज, डेकची अर्थ (बॉडीला जाणारी वायर) आणि डेकचं म्यूट बघ — चार दारं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत.

मीटर हातात धरताना

मीटर बोले ते खरे, अंदाज बोले ते वारे. पण मीटरही नीट धरला तरच खरं बोलतो.

८. स्वतःचा मीटर घे, उसना नको. मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत हवा तसा मिळेल. फक्त एसी व्होल्टची २ किंवा २० ची पायरी त्यात बघून घे — अगदी स्वस्त मीटरची एसी पायरी २०० व्होल्टपासून सुरू होते, आणि स्पीकरचे दोन-चार व्होल्ट तिथे नीट वाचताच येत नाहीत.

९. ओहम मोजण्याआधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकव आणि दिसेल तो आकडा लक्षात ठेव — तो ०.३ असेल तर तो मीटरच्या वायरींचा आहे, मोजलेल्या आकड्यातून वजा कर.

१०. मीटरची बॅटरी वर्षाला बदल, चालत असली तरी — बॅटरी उतरली की मीटर बंद पडत नाही, आधी चुकीचे आकडे सांगू लागतो.

११. लाल प्रोब काम झाल्यावर १० अँपिअरच्या भोकातून काढून नेहमीच्या भोकात ठेव — अँपिअरच्या भोकात मीटर म्हणजे नुसती जाड तार. तसाच बॅटरीला लावलास की थेट शॉर्ट होतो.

१२. ओहम मोजताना डेक बंद आणि त्याचा कपलर, म्हणजे मागचा वायरींचा प्लग, निघालेला हवा — वायरीत व्होल्टेज असेल तर आकडा खोटा येतो, आणि मीटर जळायची पाळी येते.

१३. पिवळ्या रंगाच्या कपलरला आणि पिवळ्या वेष्टणाच्या वायरीला हात नाही, प्रोब तर मुळीच नाही — ती एअरबॅगची वायरिंग. मीटरचा बारीकसा करंटही एअरबॅग उडवू शकतो, आणि तेव्हा तुझं तोंड त्याच्यासमोर असेल.

१४. डॅशबोर्ड किंवा सीटजवळचं काही खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढ आणि गाडीच्या पुस्तकात सांगितला आहे तेवढा वेळ थांब. त्याआधी डेकला कोड लागतो का हे मालकाला विचार — कोड हरवलेला डेक उघडून देणं हे स्पीकर दुरुस्त करण्याहून मोठं काम होऊन बसतं.

डेकच्या पाठीमागून

दार खोलण्याआधी डेक बाहेर ओढ. इथे चारही दारांच्या वायरी एका ठिकाणी भेटतात, म्हणजे गावच्या चावडीसारखी जागा. सगळ्यांची चौकशी इथेच बसून होते.

१५. बाहेरून बसवलेल्या डेकमध्ये बहुधा पांढरी जोडी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी आणि जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह — हे पाठ असलं की अंधारात टॉर्च तोंडात धरूनही काम होतं.

१६. आयएसओ कपलर असेल तर स्पीकरचा आठ पिनांचा ठोकळा वेगळा असतो. त्यात १, ३, ५, ७ प्लस आणि २, ४, ६, ८ मायनस. कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र त्या गाडीच्या डायग्राममध्येच बघ — रंगांचा एकच नियम सगळ्या कंपन्या पाळत नाहीत.

१७. कपलर काढून एकेका जोडीचे ओहम मोज. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवेल, त्याला घाबरू नकोस — ४ हा आकडा वाजत्या गाण्याच्या बदलत्या प्रवाहासाठी आहे. मीटर फक्त तारेचा सरळ विरोध मोजतो.

१८. स्क्रीनवर ओएल किंवा डाव्या टोकाला एकटा १ दिसला तर वाट तुटलेली आहे — तो १ ओहम नव्हे, "माझ्या आवाक्याबाहेर" असं मीटर सांगतोय. नवीन पोरं इथेच फसतात.

१९. शून्याजवळचा आकडा आला तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात. ते सापडेपर्यंत डेक चालू करू नकोस — शॉर्टवर वाजवलेल्या डेकची आयसी (आवाज वाढवणारी चिप) तापते, आणि प्रोटेक्शन दरवेळी वेळेवर धावून येईलच असं नाही.

२०. प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यामध्येही मोज. तिथे कायम ओएलच हवा — काही ओहम दिसले तर वायर पत्र्याला टेकलीय, आणि डेक मधूनच बंद पडण्याचं कारण तेच.

२१. आकडा २ च्या आसपास आला तर आधी स्पीकरवरचं लेबल वाच, मग कोणी एका जोडीवर दोन स्पीकर लावलेत का ते बघ — ४ ओहमचे दोन शेजारी-शेजारी जोडले की २ ओहम होतात. काही गाड्यांत कंपनीचाच स्पीकर २ ओहमचा असतो.

२२. आकडा स्थिर न राहता वर-खाली नाचत असेल तर कपलर हलवून बघ — पिनेवर गंज चढलाय किंवा पिन सैल झालीय. तुटलेली वायर शांत असते, कच्चा जोड नाचतो.

२३. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) मोजताना ओएल आला तर तो फेकू नकोस, त्याच्या मागचा कपॅसिटर बघ — कपॅसिटर मीटरचा सरळ प्रवाह अडवतो, ते त्याचं कामच आहे. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचे सूर अडवतो.

२४. कंपनीने सीटखाली किंवा डिक्कीत अ‍ॅम्प बसवलाय का, हे आधी शोध — मग डेकमागची वायर स्पीकरला नाही तर अ‍ॅम्पला जाते, आणि तिथे ३.५ ओहम शोधत बसलं तर दिवस जाईल.

२५. बिघाडाची जोडी सापडली की वाट मधून मोड: डेक ते दाराचा कपलर एक तुकडा, कपलर ते स्पीकर दुसरा — एका मोजणीत अर्धी वाट निर्दोष ठरते. टोकापासून इंच-इंच शोधणाऱ्याची संध्याकाळ होते.

दाराची बिजागरी

आता खऱ्या ठिकाणी आलो. माझी आवडती म्हण तुला आता पटेल: दार हलतं तिथे तार तुटते. दिवसाला वीस वेळा म्हटलं तरी वर्षाला सात हजारांवर उघडझाप, आणि प्रत्येक वेळी वायर त्याच जागी वाकते.

२६. दार आणि खांब यांच्यामधली चुण्यांची रबरी नळी हलक्या हाताने मागे सार आणि आतली एकेक वायर चिमटीत धरून ताण — आत तांबं तुटलं असेल तर वरचं प्लास्टिक त्या जागी रबरासारखं लांबतं. धड वायर लांबत नाही.

२७. मीटर बीपवर ठेवून वायरीची दोन टोकं धर आणि दुसऱ्याला दार हलवायला सांग — उभ्या दारात तपासलेली वायर उभ्या दारापुरतीच खरी.

२८. नुसत्या बीपवर विश्वास टाकू नकोस. गाणं चालू असताना डेकपाशी आणि स्पीकरपाशी एसी व्होल्ट मोजून ताडून बघ — एकच धागा शिल्लक असला तरी बीप येतो. एक धागा बीप देतो, भरवसा देत नाही.

२९. तुटलेली वायर रबराच्या आत जोडू नकोस. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना पुरेल एवढा नवा तुकडा घाल आणि दोन्ही जोड न हलणाऱ्या जागी ने — जोड ताठ असतो, त्यामुळे वाकण्याचा सगळा ताण त्याच्या कडेवर येतो आणि वायर तिथेच पुन्हा तुटते.

३०. वायर घेताना बारीक-बारीक पुष्कळ धाग्यांची मऊ वायर घे, घरच्या वायरिंगची जाड धाग्याची नको — घरची तार भिंतीत गप्प बसण्यासाठी असते, रोज कवायत करण्यासाठी नाही.

३१. एक वायर तुटलेली सापडली तर शेजारच्या सगळ्या वायरीही ताणून बघ — त्या त्याच दिवशी जन्मलेल्या आणि तितक्याच वेळा वाकलेल्या आहेत. आज स्पीकर, उद्या काच, परवा लॉक.

३२. काम झालं की रबरी नळीची दोन्ही टोकं पत्र्याच्या खाचेत पूर्ण बसली का, हे बोट फिरवून बघ — अर्धवट बसलेल्या रबरातून पहिल्याच पावसात पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं, आणि मालक स्पीकर विसरून वासाची तक्रार घेऊन येतो.

दाराच्या पोटात

जिथे पाणी, तिथे मुकी वाणी. दाराच्या आत पाणी येतंच. काचेच्या फटीतून खाली उतरणं ही त्याची ठरलेली वाट आहे. आपण त्याला फक्त स्पीकरपासून दूर ठेवायचं.

३३. डोअर पॅड ओढण्याआधी हँडलच्या मागे आणि झाकणाखाली लपलेले स्क्रू शोध, आणि क्लिपा चार जास्तीच्या जवळ ठेव — पॅड निघत नसेल तर बहुतेक वेळा एखादा स्क्रू विसरलेला असतो. घाईचा झटका, पॅडला फटका.

३४. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाडू नकोस. हळूच सोलून काढ आणि त्याच चिकट काळ्या पट्टीवर परत दाबून बसव — तो पडदा दाराचं इरलं आहे. मी तरुणपणी एकदा तो फाडून तसाच सोडला. ऑगस्टमध्ये नवाकोरा स्पीकर पाण्याने फुगून परत आला आणि त्याचे पैसे मी भरले.

३५. मृग लागण्याआधी दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं काडीने मोकळी कर — चिखलाने बुजली की दाराचं डबकं होतं आणि गाडी वळली की आतून पाण्याचा आवाज येतो.

३६. कपलर उघडल्यावर पिनेवर हिरवट थर दिसला तर तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कर. वायर आतून काळी-हिरवी पडली असेल तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत मागे जा — कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, तसं खाऱ्या हवेत तांबं कळकतं. कळकलेल्या तांब्यावर सोल्डर धरत नाही.

३७. कपलरच्या आधी वायरीला खाली एक छोटा झोल दे — छपराच्या पागोळीसारखं पाणी त्या झोलातून खाली गळतं, कपलरमध्ये शिरत नाही. एवढ्या एका वळणाने पुढची किती दुरुस्ती वाचते, ते दोन पावसाळे गेले की कळेल.

३८. वायर पट्टीने पत्र्याला बांध आणि काच पूर्ण खाली-वर करून बघ — सैल वायर काचेच्या वाटेत आली की काच ती कापते, आणि खडखड वेगळी.

३९. स्पीकर कसताना मागे वायर दबली नाही ना, आणि त्याची टोकं दाराच्या पत्र्याला टेकत नाहीत ना, हे बघूनच शेवटचा आटा दे — पत्र्याला टेकलेलं टोक खड्ड्यात शॉर्ट होतं आणि सपाट रस्त्यावर सुधारतं. असा बिघाड महिनाभर फिरवतो.

स्पीकरची परीक्षा

इथवर वाट निर्दोष निघाली, तरच स्पीकरला दोषी धर.

४०. स्पीकर वायरीपासून सोडवून दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकव — 'टप्' आवाज आला तर कॉइल जिवंत. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर आला पाहिजे, म्हणजे खुणाही बरोबर.

४१. सेलऐवजी गाडीची बॅटरी कधीच लावू नकोस — १२ व्होल्ट ३.५ ओहमवर गेले की सव्वातीन अँपिअरहून जास्त करंट, म्हणजे ४० वॉटची उष्णता त्या केसासारख्या तारेत. स्पीकरची तपासणी तिथेच संपते.

४२. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा दाबून हळूच आत-बाहेर कर आणि कान जवळ ने — खर्र झालं तर कॉइल चुंबकाला घासतेय. एका बाजूने दाबलंस तर धड स्पीकरही घासेल, म्हणून घाईने निकाल देऊ नकोस.

४३. नाक लाव. जळक्या वॉर्निशचा वास आला तर कॉइल भाजलीय — आणि मग नवा स्पीकर लावण्याआधी ती का भाजली हे विचार, नाहीतर नव्याचंही तेच होईल.

४४. टर्मिनलपासून कोनाकडे जाणारी विणलेली मऊ तार बोटाने हलवून बघ — ती मुळाशी तुटते, आणि मग स्पीकर मोठ्या आवाजाला तुटक-तुटक वाजतो. ही तार बदलता येते. अख्खा स्पीकर टाकायची गरज नसते.

४५. शंका उरली तर डावा स्पीकर उजव्या वायरीवर लाव — बिघाड स्पीकरबरोबर गेला तर दोष स्पीकरचा, जागेवर राहिला तर दोष वाटेचा. याहून स्वस्त न्याय नाही.

डेक आणि अर्थ

४६. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला कधीही जोडू नकोस. जुन्या डेकमध्ये ती बॉडीलाच असायची. त्याच सवयीने मी एका जुन्या गाडीत नवा डेक बसवला आणि पाच मिनिटांत त्याची आयसी गेली — आताच्या डेकमध्ये दोन्ही वायरींना अ‍ॅम्प ढकलतो, त्यातली कुठलीच अर्थ नसते.

४७. डेक चालू असताना एकेक स्पीकर वायर बॉडीशी मोजलीस आणि साधारण ६ व्होल्ट डीसी दिसले तर दचकू नकोस — दोन्ही वायरी पुरवठ्याच्या निम्म्यावर बसलेल्या असतात. त्यांच्या आपसात मात्र जवळपास शून्य हवं.

४८. त्या दोघींच्या आपसात डीसी ५० मिलिव्होल्टच्या बराच वर गेला आणि कोन एका बाजूला ढकललेला दिसला तर लगेच डेक बंद करून स्पीकर सोडव — आयसी बिघडलीय आणि ती कॉइलला शेकतेय.

४९. या वायरींवर बल्बचा टेस्टर लावून बॉडीला टेकवू नकोस — तो बल्ब म्हणजे आयसीवर अर्थचा बोजा. लाइट तपासायची हत्यारं आवाजाला लावू नयेत.

५०. डेक प्रोटेक्शनमध्ये जात असेल तर चारही जोड्या काढ आणि एकेक करून परत लाव — जी लावल्यावर डेक बंद पडेल, गुन्हेगार तीच.

५१. डेकमधून आवाज निघतोय का हे बघायला ५० हर्ट्झचा सूर हळू वाजवून जोडीमध्ये एसी मोज. ४ ओहमवर २ व्होल्ट म्हणजे १ वॉट — साधे मीटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झसाठीच जुळवलेले असतात, उंच सुरांवर त्यांचा आकडा भरकटतो.

५२. डब्यावर ५० वॉट लिहिलंय म्हणून आवाज शेवटपर्यंत नेऊ नकोस — १४.४ व्होल्टवर ४ ओहमला शुद्ध सूर गणितानेच २६ वॉटच्या पुढे जात नाही. त्यापुढे लाटेचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटलेल्या आवाजाने ट्वीटर आधी जळतो.

५३. इंजिन रेस केल्यावर शीळ चढत असेल तर स्पीकर खोलू नकोस, डेक आणि अ‍ॅम्पची अर्थ रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसव — ती शीळ अल्टरनेटरची आहे, स्पीकर बिचारा ऐकलेलं सांगतोय.

५४. अ‍ॅम्पची जाड वायर असेल तर तिचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा — फ्यूज वायरीला वाचवतो, अ‍ॅम्पला नंतर. लांब लावला तर मधली वायर घासली की गाडी पेटते.

बंद करताना

५५. वायर पिळून नुसती टेप गुंडाळू नकोस. क्रिंप कर किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक चढव — उन्हात बंद गाडीत टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप सापाच्या कातीसारखी उलगडते. सांधा कच्चा, आवाज लुच्चा.

५६. जोडीतले दोन जोड एकमेकांसमोर नकोत, दोन बोटं पुढेमागे ठेव — वेष्टण सरकलंच तरी तांब्याला तांबं भेटत नाही.

५७. प्लस-मायनस दोन्ही दारांत सारखे आहेत ना, ते पुन्हा बघ — एका दारात उलटे झाले तर एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि ढोलकीतला दम निघून जातो. मालकाला कळत नाही काय बिघडलं, पण मजा गेली एवढं कळतं.

५८. पॅड लावण्याआधी चारही कोपरे ऐक, दार दहा वेळा उघड-लाव, काच वर-खाली कर. मगच क्लिपा दाब — पॅड लावल्यावर आठवलेली तपासणी कोणी करत नाही, मीही केली नव्हती.

५९. तारीख, कुठली वायर, आधी किती ओहम, नंतर किती, हे चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेव — पुढच्या वेळी तूच खोललंस तरी आजचं तेव्हा आठवणार नाही.

६०. कापून काढलेला तुटका तुकडा मालकाच्या हातात दे आणि कुठे तुटला ते दाखव — वीतभर वायर बदलली तर पैसे वीतभर वायरीचे आणि आपल्या वेळेचे घे, स्पीकरचे नाही. असा माणूस पुढची गाडी घेऊनही आपल्याच दारात येतो.

साठ झाले. सगळे आज पाठ करू नकोस. सव्विसावा तेवढा लक्षात ठेव. आता खाली जा, डावं दार उघड, रबर मागे सार आणि एकेक वायर ताणून बघ. कुठली लांबली ते मला रात्री सांग. आणि कुठलीच लांबली नाही, तर फोन जेवणाआधी कर. मग आपण डेकपासून एकत्र सुरू करू.

तुझा,
मामा